मालवाहू जहाजाच्या डेकवर रुजू होताना : उमेदवारीपासून पहिल्या करारापर्यंत

व्यापारी जहाजाच्या डेकवर सर्वांत खालच्या हुद्द्यावर चढणाऱ्या नवख्याकडून पहिले काही महिने कोणीही मोठ्या कौशल्याची अपेक्षा करत नाही. अपेक्षा एवढीच असते की सांगितलेले त्याने नीट ऐकावे, ऐकलेले परत म्हणून दाखवावे आणि आपण कुठे उभे आहोत याचे भान सोडू नये. अंगात ताकद असलेली बरीच, पण डेकवर माणसे जायबंदी होतात ती ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. नको त्या जागी उभे राहिल्यामुळे किंवा अर्धवट ऐकलेल्या हुकमावर हात चालवल्यामुळे जास्त. दहावी-बारावी झालेल्या आणि भारतीय नियमांनुसार डेक रेटिंग, म्हणजे अधिकारी नसलेला डेकवरचा खलाशी, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. अधिकारी होण्यासाठी डेक कॅडेटचा मार्ग घ्यावा लागतो. त्याची प्रवेशपरीक्षा, शिक्षण आणि खर्च हे सगळेच निराळे असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

डेकवरची उतरंड साधी आहे. सुरुवातीला ट्रेनी, मग ऑर्डिनरी सीमन म्हणजे ओएस, त्यावर एबल सीमन म्हणजे एबी आणि सर्वांच्या वर बोसन, ज्याला कोकणातले जुने बोटीवाले अजून सारंग म्हणतात. बोसन चीफ ऑफिसरकडून दिवसाचे काम समजून घेतो आणि माणसांत वाटून देतो, त्यामुळे तुमचा रोजचा संबंध कॅप्टनशी नव्हे, तर त्याच्याशी येणार आहे.

फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या

हे काम पहिले, कारण यात अडखळणाऱ्याचे पैसे आणि वर्ष दोन्ही जाते. डेकवरच्या माणसाला रात्री समोरच्या जहाजाचे लाल, हिरवे आणि पांढरे दिवे ओळखता आले पाहिजेत, म्हणून रंगांधळेपणाला येथे सवलत नाही, आणि चष्म्याशिवायच्या दृष्टीचे निकषही इंजिन विभागापेक्षा कडक आहेत. आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत हे अनेकांना ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा वाचायला सांगितल्यावरच प्रथम कळते. तेव्हा नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे डीजी शिपिंगने, मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून आधी तपासणी करून घ्यावी आणि अहवाल हातात आल्यावरच संस्थेचा अर्ज भरावा.

भारतात डेक रेटिंग होण्याचा रुळलेला रस्ता म्हणजे जनरल पर्पज रेटिंगचा, अर्थात जीपी रेटिंगचा, सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम. त्यासाठी विज्ञान, गणित आणि इंग्रजी हे विषय घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते, एकूण गुण आणि इंग्रजीचे गुण किमान ४० टक्के लागतात आणि वय साधारण साडेसतरा ते पंचवीस वर्षे असावे लागते; वयाच्या सवलती आणि ताजे बदल डीजी शिपिंगच्या परिपत्रकांत पाहून घ्यावेत. रायगड जिल्ह्यात न्हावा येथे आणि गोव्यात चिखली येथे रेटिंगचे शिक्षण देणाऱ्या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. संस्था निवडताना इमारतीच्या चकचकीत छायाचित्रांपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे मानावेत: मागच्या तुकडीतली किती मुले प्रत्यक्ष जहाजावर चढली, आणि कोणत्या कंपन्यांच्या. उत्तर आकड्यांत आणि कंपन्यांच्या नावांत मिळाले नाही, तर पुढची संस्था पाहावी.

कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

पासपोर्ट सर्वांत आधी काढावा, आणि त्यावरचे नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळते का ते पाहावे, कारण पुढची सगळी कागदपत्रे याच नोंदींवर उभी राहतात. त्यानंतर येतो इंडोस क्रमांक, म्हणजे डीजी शिपिंगच्या नोंदणीतला तुमचा आयुष्यभराचा क्रमांक, आणि मग सीडीसी, म्हणजे ज्या पुस्तिकेत तुमच्या प्रत्येक जहाजाची चढण्या-उतरण्याची नोंद होते ती. एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने घालून दिलेले पायाभूत कोर्सही लागतात: जीव वाचवण्याची तंत्रे, आग विझवणे, प्रथमोपचार, व्यक्तिगत सुरक्षितता व जबाबदाऱ्या, आणि जहाजाच्या सुरक्षाव्यवस्थेचा एसटीएसडीएसडी. टँकरवर जायचे असेल तर त्याचा वेगळा प्राथमिक कोर्स करावा लागतो. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

सीडीसी हातात आली म्हणजे नोकरी लागली, असा समज गावागावांत पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. सीडीसी हे ओळखपत्र आणि सेवापुस्तक आहे. केवळ पायाभूत कोर्स करून सीडीसी काढलेले आणि तरीही जहाजाची वाट पाहत बसलेले तरुण पुष्कळ आहेत, कारण चांगल्या कंपन्या जीपी रेटिंग आणि त्याच्या शेवटी होणारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच आधी विचारतात.

एजंटाला द्यायचे पैसे : शून्य

खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना असावाच लागतो, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नये. परवाना चालू आहे की निलंबित, हेही तपासावे. ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६’ या कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली असून त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी यांचा खर्च तुमचा, व्हिसाचा आणि जहाजापर्यंतच्या प्रवासाचा खर्च जहाजमालकाचा. मान्यताप्राप्त संस्थेची शिक्षणाची फी ही वेगळी बाब आहे. त्यापलीकडे कोणी ‘जॉइनिंग’चे म्हणून दोन-चार लाख मागत असेल, तर ती फसवणूक समजावी, मग मागणारा माणूस ओळखीतला असो की गावातलाच.

अशा व्यवहारांचा शेवट पैसे बुडण्यावर झाला तर ते नशीब म्हणावे लागेल. काही वेळा मुलगा खरोखरच पाठवला जातो, पण पर्यटक व्हिसावर, भलत्याच बंदरात, भलत्याच जहाजावर, जिथे पगार थकतो, मालक फोन उचलत नाही आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असतो. म्हणून घरातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः कराव्यात. नोकरीचा करार सही करण्याआधी पूर्ण वाचावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी. जहाजाचे नाव व आयएमओ क्रमांक घेऊन ते कोणत्या देशाचे आहे आणि सध्या कुठे आहे ते पाहावे. हा सातआकडी क्रमांक जहाजाचे नाव किंवा मालक बदलला तरी बदलत नाही. आणि करारावरचे हुद्दा, पगार, मुदत हे सगळे तोंडी सांगितलेल्याशी ताडून घ्यावे.

पगाराबद्दल एक आधार लक्षात ठेवण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समितीने एबीचे किमान मूळ वेतन २०२५ सालासाठी महिना ६७३ डॉलर ठरवले होते. ओएसचे त्याहून कमी आणि ट्रेनीचे आणखी कमी असते, तेव्हा ट्रेनीला हजार-दीड हजार डॉलर देऊ असे सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहावे.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर

केबिनमध्ये सामान टाकल्यावर झोपण्याआधी मस्टर लिस्ट पाहावी. आपले नाव, आपली लाइफबोट, जमण्याची जागा आणि आग लागल्यास आपल्याला नेमून दिलेले काम, हे तिच्यात लिहिलेले असते. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की कुठे जायचे हे विचारायची वेळ येऊ नये. केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता एकदा उजेडात आणि एकदा रात्री चालून पाहावा. कोणत्या जिन्याची पायरी उंच आहे आणि कोणते दार बाहेर उघडते, हे अंधारात आणि धुरात हातालाच आठवावे लागते.

जहाजावर ड्यूटी दोन प्रकारची असते. वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर, असलेली माणसे चार तास काम आणि आठ तास सुटी अशा पाळीत ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या जागी, जातात, तर डे-वर्कवाले सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत डेकवर राबतात. ट्रेनी बहुधा डे-वर्कवरच असतो. विश्रांतीचा हिशेब मात्र दोघांना सारखाच: कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत तोडता येतात आणि त्यांपैकी एक तुकडा सलग किमान सहा तासांचा असावा लागतो. या तासांच्या तक्त्यावर दर महिन्याला तुमची सही घेतली जाते. न घेतलेल्या विश्रांतीवर सही करू नये, पण वाद न घालता, स्वतःच्या वहीत रोजचे तास लिहून ठेवावेत आणि तेच समोर ठेवावेत.

गंज आणि रंग

नवख्याचे बहुतेक दिवस चिपिंगमध्ये जातात, आणि बहुतेक नवखे या कामाला कंटाळून ते वाईट करतात. चिपिंग हॅमरने किंवा जेट चिझेलने गंजाचे पापुद्रे उडवायचे, स्क्रेपरने खरवडायचे, वायर ब्रशने घासायचे; इथपर्यंत सगळेच करतात. चूक पुढे होते. उघड्या पडलेल्या लोखंडावर समुद्राचे मीठ बसलेले असते आणि ते गोड्या पाण्याने न धुता त्यावर प्रायमर मारला, तर पंधरवड्यात तिथे फोड येतो आणि त्या फोडाखाली गंज पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागतो. धुवावे, पूर्ण कोरडे होऊ द्यावे, पहाटेचे दव असेल तर थांबावे, आणि मगच प्रायमरचा हात द्यावा. जुना रंग जिथे शिल्लक आहे तिथली कड पायरीसारखी उभी राहू देऊ नये; ती घासून उतरती करावी, म्हणजे नवा रंग तिच्यावर धरतो आणि पाणी आत शिरत नाही. बोट फिरवून कड हाताला लागत नसेल, तर काम बरोबर झाले.

डोळ्यांवर गॉगल आणि कानांत प्लग यांना येथे पर्याय नाही. उंचावर किंवा जहाजाच्या बाजूला लटकून काम असेल, तर परमिट (कामाची लेखी परवानगी), हार्नेस आणि वर लक्ष ठेवणारा माणूस हे तिन्ही असल्याशिवाय पाय उचलू नये. परमिट म्हणजे कागदी सोपस्कार, असे सांगणारा जुना माणूस प्रत्येक जहाजावर एखादा भेटतोच. त्याच्याकडून गाठी शिकाव्यात, हा विचार मात्र घेऊ नये. बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड आणि रोलिंग हिच या चार गाठी पाठीमागे हात नेऊन, न पाहता बांधता येईपर्यंत घोटाव्यात.

जहाजाच्या प्रकारानुसार बाकीचे काम बदलते. बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, कोळसा उतरवून धान्य घ्यायचे असेल, तर होल्डचा, म्हणजे माल भरण्याच्या कोठाराचा, कानाकोपरा झाडून, धुऊन, सुकवून द्यावा लागतो आणि त्यात दिवसरात्र जाते. कंटेनर जहाजावर लॅशिंग, म्हणजे कंटेनरची बांधणी, घट्ट आहे की नाही ते पाहत फिरावे लागते. टँकरवर टँक धुणे आणि ठिणगीबाबतची शिस्त.

दोर

जहाज धक्क्याला लावणे आणि सोडणे, म्हणजे मूरिंग, हे डेकवरचे सर्वांत धोक्याचे नेहमीचे काम आहे. सिंथेटिक दोर ताणाखाली रबरासारखा लांबतो आणि तुटला की त्यात साठलेली सगळी ताकद घेऊन मागे उसळतो. त्याच्या वाटेत आलेला माणूस वाचत नाही. पूर्वी डेकवर या माऱ्याचे पट्टे रंगवून दाखवत असत. आता तसे रंगवू नये असा सल्ला दिला जातो, कारण दोर खुंट्यांवरून आणि फेअरलीडमधून, म्हणजे दोराला दिशा देणाऱ्या खाचेतून, वळलेला असला की तो कुठे उसळेल ते आधी सांगता येत नाही आणि पट्ट्याबाहेरचा माणूस उगाच निर्धास्त होतो. ताण असलेल्या दोराच्या आसपास पूर्ण डेकच धोक्याचे, असे धरून चालावे. १ जानेवारी २०२४ पासून मूरिंगचे दोर आणि साहित्य यांची तपासणी व देखभाल समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या सोलास करारानुसार बंधनकारक झाली आहे, त्यामुळे दोर उलगडताना धागे तुटलेले, वितळून चिकटलेले किंवा दबलेले दिसले तर बोसनला लगेच सांगावे. तुम्ही नवे आहात म्हणून कोणी हसणार नाही.

दोर हाताळताना डेकवर पडलेल्या त्याच्या वळशात पाय पडू देऊ नये. सैल पडलेला वळसा एका क्षणात आवळला जातो. विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, ड्रमवर दोर धरून उभे राहताना ड्रमला खेटून न राहता हातभर मागे राहावे, म्हणजे दोराला हिसका बसला तरी हात आत ओढला जात नाही. हीव्हिंग लाइन, म्हणजे जाड दोराआधी धक्क्यावर फेकायची बारीक दोरी, फेकण्याआधी धक्क्यावरच्या माणसांना हाक द्यावी, आणि तिच्या टोकाच्या गाठीत वजन वाढवायला नट-बोल्ट किंवा लोखंड कधीही भरू नये. हुकूम एकाच माणसाचा चालतो, आणि तो ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा असतो. ऐकू आले नाही तर हात थांबवून विचारावे. अंदाजाने विंच चालवणाऱ्याला कोणताही शहाणा बोसन पुन्हा विंचवर ठेवत नाही.

सुकाणू आणि टेहळणी

ही शिस्त ब्रिजवर आणखी कडक होते. अधिकारी ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, म्हणाला, की सुकाणूवरच्या माणसाने ‘स्टारबोर्ड टेन’ असे म्हणत चाक फिरवायचे आणि रडरचा, म्हणजे सुकाणूच्या पात्याचा, कोन दाखवणारा काटा दहावर आल्यावर ‘व्हील इज स्टारबोर्ड टेन’ असे कळवायचे. या दोन उत्तरांमुळे चुकीचे ऐकलेले पहिल्या उत्तरातच पकडले जाते आणि यंत्राने हुकूम पाळला की नाही हे दुसऱ्यात कळते. काटा आकड्याकडे सरकत नसेल तर तसे तत्काळ ओरडून सांगणे हे सुकाणूवाल्याचेच काम आहे.

टेहळणीला जाताना पंधरा-वीस मिनिटे आधी वर जावे, कारण उजेडातून आलेल्या डोळ्याला अंधार दिसायला वेळ लागतो, आणि मोबाइल खिशातून काढूच नये. दिसलेले सांगताना काय दिसले आणि कुठे दिसले, हे दोन्ही सांगावे: ‘एक लाल उजेड, स्टारबोर्ड बो, दोन पॉइंट’. स्टारबोर्ड बो म्हणजे जहाजाच्या नाकाची उजवी बाजू आणि एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश. उजव्या हाताला समोरच्याचा लाल दिवा दिसतो आहे, याचा अर्थ ते जहाज आपल्या वाटेवरून डावीकडे चालले आहे आणि वाट देण्याची जबाबदारी आपली आहे. निर्णय अधिकारी घेईल, पण हे समजून पाहणाऱ्याची नजर वेगळी पडते. मासेमारी होड्यांचे मिणमिणते दिवे रडारवर उशिरा येतात, म्हणून कोकण किनाऱ्यासमोरून किंवा मलाक्का सामुद्रधुनीतून जाताना डोळ्यांचे मोल वाढते. होडी आहे असे वाटले आणि निघाली लाट, तरी सांगणे चुकीचे ठरत नाही.

गँगवे

बंदरात गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याच्या शिडीवर, उभे राहणे म्हणजे येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून वहीत नाव लिहिणे, एवढेच नाही. जुलै २००४ पासून लागू असलेल्या आयएसपीएस या जहाज व बंदर सुरक्षा संहितेनुसार जहाजावर कोण आहे आणि कोण नाही याचा पहिला जबाब तुमच्याकडे मागितला जातो, आणि त्याच वेळी जहाजही हलत असते. भरती आली किंवा माल उतरला की जहाज वर चढते, दोर ताणले जातात आणि गँगवेचे टोक धक्क्यावरून उचलले जाते. ओहोटीला किंवा माल भरताना उलट. दर थोड्या वेळाने दोर, गँगवे आणि त्याखालची जाळी पाहावी आणि फरक दिसताच ड्यूटी ऑफिसरला कळवावे. जागा सोडून स्वतः एकट्याने दोर आवळायला जाऊ नये.

बंद जागा

बॅलास्ट टँक (तोल राखण्यासाठी पाणी भरायची टाकी), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची कोठडी), रिकामा होल्ड, कोळसा किंवा लाकूड भरलेल्या होल्डलगतचा जिना: या जागांत विषारी वास नसला तरी माणूस मरू शकतो, कारण लोखंडाचा गंज आणि कित्येक प्रकारचे माल हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. मोजमापकावर प्राणवायू २०.९ टक्के दिसला पाहिजे, परमिटवर सही झालेली पाहिजे आणि तोंडाशी माणूस उभा पाहिजे. कोणी आत कोसळलेला दिसला, तर अलार्म द्यावा आणि बाहेरच थांबावे. मित्राला ओढून काढायला श्वसनयंत्राशिवाय उतरलेला दुसरा माणूस, आणि त्याच्यामागे तिसरा, अशा एकाच शिडीखाली झालेल्या मृत्यूंच्या नोंदी जगभरच्या अपघात अहवालांत सापडतात. सोलासनुसार या प्रसंगाची कवायत दर दोन महिन्यांनी होते. ती उरकायची गोष्ट मानू नये.

साइन ऑफ करताना

रेटिंगचा करार बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांच्या आसपास असतो. उतरण्याच्या धावपळीत जी कागदपत्रे राहून जातात, ती नंतर मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून शेवटच्या आठवड्यातच ती गोळा करावीत. सीडीसीवर जहाजाचे नाव, हुद्दा, चढण्या-उतरण्याची तारीख आणि कॅप्टनची सही-शिक्का बरोबर आहे का, आणि त्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळतात का, ते स्वतः पाहावे. प्राप्तिकरासाठी वर्षात किती दिवस देशाबाहेर होतो, हेही पुढे याच नोंदींवरून दाखवावे लागते. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकमधील केलेल्या कामांवर त्या त्या वेळीच अधिकाऱ्याची सही घेतलेली असावी, कारण नौकानयन वॉचचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी लागणारी किमान सहा महिन्यांची समुद्रसेवा आणि शिक्षण याच पुस्तकातून सिद्ध होते. ते प्रमाणपत्र मिळाल्यावर डेकवर आणखी १८ महिने, किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षणासह १२ महिने, सेवा झाली की एबीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पगाराचा शेवटचा हिशेब, घरी पाठवलेल्या रकमा आणि रजेचे पैसे ताडून त्याची प्रत घ्यावी, सर्व पानांचे फोटो काढून घरच्यांना पाठवावेत आणि मगच बॅग भरावी.